कुमारवय, प्रेम आणि भरून येणाऱ्या जखमा: अशा कादंबऱ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचणारी मुलंमुली, त्यांचे आईवडील, ग्रंथपाल आणि स्वतः लिहू पाहणारे यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला ओळखीचे प्रश्न, मग वाचणाऱ्यांचे आणि पालकांचे, त्यानंतर लिहिणाऱ्यांचे, आणि शेवटी अडचणीचे अपवाद. एक मुद्दा एकाच ठिकाणी सविस्तर आहे. बाकी ठिकाणी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. या प्रकारात नेमक्या कोणत्या कादंबऱ्या धरायच्या?

मुख्य पात्र साधारण १५ ते १८ वर्षांचं असतं. त्याच्या आयुष्यात काहीतरी मोडून टाकणारं घडून गेलेलं असतं: अपघात, अत्याचार, घरातली मारहाण, जवळच्या माणसाचा मृत्यू, युद्ध, घर सुटणं. आणि वर्तमानात एक प्रेमाचं नातं जुळत असतं. हे तिन्ही एकत्र आलं की ती कादंबरी या प्रकारातली. मूळ घटना बहुधा पहिल्या पानाच्या आधीच घडलेली असते. गोष्ट असते ती त्यानंतर कसं जगायचं याची. लांबी साधारण ५० ते ८० हजार शब्द आणि निवेदन बहुतेकदा ‘मी’चं.

प्रेम नसलेल्या पण याच विषयाच्या कादंबऱ्या सख्ख्या शेजारी म्हणाव्यात. लॉरी हॉल्स अँडरसन यांची ‘स्पीक’ (१९९९) हे त्यातलं ठळक नाव. बलात्कारानंतर जवळजवळ बोलणंच थांबवलेली त्यातली मुलगी चित्रकलेच्या वर्गात हळूहळू स्वतःला सापडते, कुणाच्या प्रेमात पडून नाही. प्रेमकथा वाचणाऱ्यांनीही ती वाचावी, कारण सावरण्याला प्रियकर लागतोच असं नाही हे त्यातून कळतं.

२. दुःख आणि आघात यांत फरक काय? वाईट घडलं म्हणजे ट्रॉमा झालाच ना?

नाही. घटना वेगळी आणि तिचा मनावर उरलेला परिणाम वेगळा. अपघात झालेल्या एकाच गाडीतल्या दोन भावंडांपैकी एक महिन्याभरात पुन्हा गाडीत बसतं आणि दुसऱ्याला वर्षभर हॉर्नच्या आवाजानंही घाम फुटतो. यात कुणी घट्ट आणि कुणी लेचापेचा असं काही नसतं.

आघातोत्तर ताण विकार, म्हणजे पीटीएसडी, हे नाव अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८० मध्ये आलं. लक्षणं महिन्याहून जास्त टिकली तरच ते निदान होतं. २०१३ च्या आवृत्तीत लक्षणांचे चार गट आहेत: नको असताना आठवण घुसणं, आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं, स्वतःबद्दल आणि जगाबद्दलचे विचार काळवंडणं, आणि शरीर सतत सावध राहणं. कादंबऱ्यांत पहिला गट भरपूर दिसतो. तिसरा फार क्वचित दिसतो. खरं तर ‘चूक माझीच होती’ हा विचार कुमारवयात सगळ्यांत जास्त पोखरतो.

शोकाचं गणित निराळं आहे. माणूस गेल्यावर रडू येणं, अभ्यासात मन न लागणं हा आजार नाही. मुलांमध्ये आणि कुमारवयात किमान सहा महिने उलटूनही रोजचं जगणं ठप्पच असेल, तर दीर्घकालीन शोक विकाराचा विचार तज्ज्ञ करतात.

३. प्रेमामुळे जखम भरते का? पुस्तकात तर तसंच दाखवतात.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि या प्रकारातली चांगली आणि वाईट पुस्तकं इथेच वेगळी होतात.

प्रेमाला यात जागा नाही असं मुळीच नाही. मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या त्यांच्या पुस्तकात सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवणीला सामोरं जाणं आणि जे गेलं त्याचा शोक करणं, आणि त्यानंतर माणसांशी पुन्हा नातं जोडणं. माणूस एकटा राहून सावरत नाही, हे त्यांनी ठामपणे मांडलं आहे. आघात ज्या गोष्टी हिरावून घेतो त्यांत दोन महत्त्वाच्या: स्वतःच्या शरीरावरचा ताबा आणि दुसऱ्यावरचा भरवसा. ‘आज नको’ म्हटल्यावर समोरचा खरंच थांबला, रुसला नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटला, हा अनुभव त्या दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या परत देतो. चांगल्या प्रेमकथेला हे दाखवता येतं, आणि माहितीपुस्तकापेक्षा कितीतरी चांगलं दाखवता येतं.

बिघडतं ते मधल्या टप्प्याचं काम प्रेमावर टाकलं की. आठवणीला सामोरं जाण्यासाठी ज्याचा तोल ढळणार नाही असं माणूस समोर लागतं. सतरा वर्षांच्या प्रियकराचा तोल ढळणारच. तोही त्या मुलीत गुंतलेला असतो. मग तो परिचारक होतो, रात्री तीनला फोन उचलत राहतो, त्याची परीक्षा बुडते, आणि तिला वाटतं की हा गेला तर मी संपले. पुस्तकात हे उत्कट वाटतं. प्रत्यक्षात दोघांच्याही गळ्यात ते लोढणं होतं. शेवटी नातं तुटलं तर त्याच्याबरोबर सावरलेलं सगळंच कोसळतं, कारण ते त्याच्यावरच उभं होतं.

त्यासाठी एक साधी कसोटी आहे. पुस्तकाच्या शेवटच्या चतुर्थांशातून प्रियकर किंवा प्रेयसी काढून टाका आणि बघा: पात्र उभं राहतं का? झोप लागते का, मित्र उरतात का, मदत मागायला कुणी आहे का, हातात एखादं काम किंवा छंद आहे का? उरत असेल तर प्रेमानं सोबत केली. काहीच उरत नसेल तर लेखकानं उपचाराच्या जागी प्रेम ठेवलं आहे.

४. पुस्तक घेण्याआधी चाळून कसं ओळखायचं?

दहा मिनिटं पुरतात. आधी मलपृष्ठ वाचा. ‘तिला फक्त तोच वाचवू शकतो’ अशा अर्थाचं वाक्य असेल तर सावध व्हा, पण लगेच खाली ठेवू नका. मलपृष्ठ बहुधा लेखक लिहीत नाही आणि विक्रीसाठी ते भडक केलेलं असतं. मग साधारण मध्यावरची दहा पानं वाचा. आईवडील, शिक्षक, मैत्रीण, समुपदेशक यांपैकी एक तरी माणूस तिथे नावागावासकट वावरतो का? त्यानंतर शेवटची वीस पानं. शेवट कळला म्हणून पुस्तकाची गोडी जात नाही; धास्तावलेल्या वाचकाला उलट धीर येतो.

पात्राला घटनेव्यतिरिक्त काही आवडतं का, हे आवर्जून बघा. जिला फक्त आघात आहे, पण आवडीचा विषय नाही, चिडका स्वभाव नाही, विनोदबुद्धी नाही, ती मुलगी नसून उदाहरण आहे.

५. प्रेमकथा म्हटल्यावर शेवट गोड हवाच ना?

आशादायक हवा. कुमारवयीन प्रेमकथेत ‘कायमचे सुखी झाले’ यापेक्षा ‘सध्या आम्ही ठीक आहोत’ हा शेवट जास्त खरा वाटतो. सतरा वर्षांच्या मुलांना जन्मभराचं वचन द्यायला लावणं ओढूनताणून होतं. नातं संपूनही आशा उरू शकते, पण मग अशा पुस्तकाला प्रेमकथा म्हणून विकणं ही वाचकाची फसवणूक आहे.

६. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला हे द्यावं का?

वयापेक्षा तीन गोष्टी बघा: पुस्तकात घटना किती जवळून दाखवली आहे, मुलीनं स्वतः तसं काही सोसलं आहे का, आणि वाचताना बोलायला कुणी आहे का. जिथे घटना पडद्याआड राहते आणि परिणामच दिसतात, अशी पुस्तकं बारा-तेरा वर्षांच्या मुली नीट पचवतात. अत्याचाराचं किंवा स्वतःला इजा करण्याचं थेट वर्णन असेल तर पंधरा-सोळापर्यंत थांबलेलं बरं.

आधी स्वतः वाचा. पूर्ण वेळ नसेल तर प्रश्न ४ मध्ये सांगितलेली पानं तरी वाचा. आणि मुलगी आधीच वाचत असेल तर पुस्तक हिसकावून घेऊ नका. ती ते चोरून वाचेलच, आणि मग प्रश्न पडला की तुमच्याकडे येणार नाही.

७. पुस्तकाच्या सुरुवातीला ‘आत त्रासदायक प्रसंग आहेत’ अशी जी पूर्वसूचना असते तिचा उपयोग होतो का?

ज्यासाठी ती देतात त्यासाठी फारसा नाही. या विषयावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सूचना वाचल्यानं पुढचा त्रास कमी होत नाही, उलट वाचण्याआधीची धाकधूक थोडी वाढते, असं त्यात दिसलं. सूचना पाहून लोक मजकूर टाळतात, असंही आढळलं नाही.

तरी आम्ही सूचना असावी याच मताचे आहोत, वेगळ्या कारणासाठी. त्यामुळे निवड वाचकाच्या हातात राहते. ज्याच्याकडून एकदा निवड हिसकावली गेली आहे, त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नाही. मात्र सूचना नेमकी हवी. ‘संवेदनशील विषय’ एवढ्यानं काहीच कळत नाही. ‘प्रकरण ११ मध्ये वडिलांकडून मारहाण, साधारण तीन पानं’ यानं कळतं: ती पानं कधी वाचायची, कुणासोबत वाचायची, की सोडून द्यायची.

८. वाचताना छातीत धडधडायला लागलं, हातपाय गार पडले. काय करू?

पुस्तक बंद करा. ‘एवढं प्रकरण संपवते’ असं स्वतःला सांगू नका. पाय जमिनीवर टेकवा आणि आजूबाजूच्या दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या. मग स्पर्शाला जाणवणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक. श्वास घेताना बाहेर सोडण्याचा वेळ आत घेण्यापेक्षा लांब ठेवा, उदाहरणार्थ चार मोजेपर्यंत आत आणि सहा मोजेपर्यंत बाहेर. पाच-दहा मिनिटांत बहुतेकांना उतार पडतो.

त्या दिवशी ते पुस्तक पुन्हा उघडू नका, आणि रात्री झोपण्याआधी तर नाहीच. पुढे वाचायचं ठरवलं तर दिवसा, दुसऱ्या कुणाच्या सोबतीनं आणि एका बैठकीत एकच प्रकरण. अर्धवट सोडलं तरी काही बिघडत नाही. पुस्तक पुरं न करणं म्हणजे भित्रेपणा नव्हे.

हे वारंवार होत असेल, झोप उडाली असेल, किंवा जगू नये असं मनात येत असेल तर पुस्तकाचा प्रश्न बाजूला ठेवा. आजच एखाद्या विश्वासू मोठ्या माणसाला सांगा, आणि डॉक्टर, समुपदेशक किंवा जवळच्या मदतवाहिनीशी बोला.

९. मुलगा एकामागून एक असलीच दुःखी पुस्तकं वाचतोय. काळजी करावी का?

नुसतं वाचतोय म्हणून नाही. स्वतःची ओळख पटणं, मग भावना मोकळ्या होणं, मग स्वतःच्या परिस्थितीकडे नव्यानं पाहणं, असा क्रम ग्रंथोपचाराच्या, म्हणजे पुस्तकांच्या मदतीनं मन सावरण्याच्या पद्धतीच्या, अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून मांडला आहे. काही मुलं त्याच त्या पुस्तकाकडे पुन्हा पुन्हा जातात, कारण तिथे शेवट माहीत असतो आणि भीती आटोक्यात राहते.

लक्ष द्यायचं ते वाचनाच्या भोवती काय बदललं याकडे. मित्र तुटले का? जेवण, झोप बदलली का? एकाच विशिष्ट घटनेची पुस्तकं शोधतोय का? सरळ विचारायला संकोच वाटत असेल तर पुस्तकातल्या पात्राबद्दल विचारा: ‘त्यानं शिक्षकांना सांगायला इतका उशीर का केला असेल?’ पात्राबद्दल बोलणं सोपं जातं, आणि बऱ्याचदा उत्तर स्वतःबद्दलचंच असतं.

१०. पुस्तक वाचून मुलीनं मला सांगितलं की तिच्या बाबतीतही असंच झालं आहे. आता?

हातातलं काम सोडून बसा. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी चूक नाही.’ ही तीन वाक्यं आधी, आणि याच क्रमानं. ‘तेव्हाच का नाही सांगितलंस?’ हा प्रश्न गिळून टाका. तो कळवळ्यानं विचारलेला असला तरी ऐकणारीला आरोप वाटतो. तपशील खणून काढू नका. एकच हकीकत पुन्हा पुन्हा वदवून घेतली की तिला त्रास होतोच, शिवाय पुढे चौकशी झाली तर सूचक प्रश्नांमुळे तिच्या सांगण्यावर शंका घ्यायला वाव मिळतो.

‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला विचारून-कळवून’ हे वचन पाळता येतं. सांगितलेले शब्द त्याच दिवशी, जसेच्या तसे, तारखेसह लिहून ठेवा. धोका अजून चालू असेल तर थांबू नका. तुम्ही शिक्षक किंवा ग्रंथपाल असाल तर अनेक देशांत अशी माहिती कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. तुमच्याकडचा नियम अशी वेळ येण्याआधीच माहीत करून घ्या.

११. आत्महत्येचा विषय असलेली पुस्तकं धोकादायक असतात का?

विषय धोकादायक नाही, हाताळणी असू शकते. जर्मन लेखक गटे यांची एक प्रेमकादंबरी १७७४ मध्ये आली आणि तिच्या नायकाच्या अनुकरणानं तरुणांनी जीव दिल्याचं तेव्हा बोललं गेलं. त्या नायकावरून अशा अनुकरणाला ‘वेर्टर परिणाम’ हे नाव समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये दिलं. तेवढंच महत्त्वाचं उलटं निरीक्षण २०१० मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी मांडलं: अशा विचारांतून माणूस बाहेर कसा आला हे सांगणाऱ्या मजकुराचा संबंध आत्महत्या कमी होण्याशी दिसला. त्याला ‘पापागेनो परिणाम’ म्हणतात. मोझार्टच्या ऑपेरातला पापागेनो जीव द्यायला निघतो, तेव्हा तीन मुलं त्याला थांबवतात आणि त्याच्याकडच्याच जादूच्या घंटांची आठवण करून देतात. प्रेमकथा लिहिणाऱ्यानं हे दृश्य भिंतीवर लावून ठेवावं.

हाताळणीचे नियम जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाशी जुळणारे आहेत. पद्धत आणि जागा यांचं तपशिलात वर्णन नको. मृत्यूला सूड, शिक्षा किंवा प्रेमाचा पुरावा करू नका. एकच कारण देऊ नका; ‘त्यानं सोडलं म्हणून’ हे कधीच पूर्ण उत्तर नसतं. मदत मागितली आणि मिळाली, हे पानावर घडू द्या. ‘१३ रिझन्स व्हाय’ या २०१७ च्या मालिकेतलं आत्महत्येचं दृश्य तज्ज्ञांच्या आक्षेपांनंतर २०१९ मध्ये काढून टाकलं गेलं, हा अलीकडचा धडा.

१२. नायक तिचा फोन तपासतो, तिच्या मागे येतो, कारण त्याला तिची काळजी आहे. हे चालतं का?

नाही. ‘तो स्वतः दुखावलेला आहे’ हे स्पष्टीकरण आहे, सवलत नव्हे. त्याच्या भूतकाळामुळे तो असं का वागतो ते कळतं; पण तिनं ते सोसावं असं त्यातून निघत नाही. वागणं पुस्तकात असायला हरकत नाही. प्रश्न असतो पुस्तक त्याला काय नाव देतं याचा. एखादी मैत्रीण ‘हे प्रेम नाही, ही पाळत आहे’ म्हणते का? त्याला किंमत मोजावी लागते का? की त्याच्या एका अश्रूवर सगळं माफ होतं?

१३. फ्लॅशबॅक कसा लिहायचा? माझा मजकूर सिनेमासारखा होतो.

बहुतेक हस्तलिखितांत असं दिसतं: मोठा आवाज होतो, लगेच तिरप्या अक्षरांत दोन पानं भूतकाळ, अगदी क्रमवार, संवादांसकट, आणि मग नायिका किंचाळून भानावर येते. आघाताची आठवण इतकी शिस्तीत येत नाही. ती तुकड्यांत येते, शरीरात आधी येते, आणि बऱ्याचदा बाहेरून कुणाला काही दिसतही नाही. हे पाहा:

‘बसनं करकचून ब्रेक मारला. माझा उजवा पाय पुढच्या सीटला जाऊन रुतला. तो काहीतरी सांगत होता, ओठ हलत होते. मी खिडकीच्या चौकटीतले स्क्रू मोजले. सहा. पुन्हा मोजले. सहा. “उतरायचं?” असं त्यानं विचारलं असावं, कारण आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो आणि बस निघून गेली होती. आमचा स्टॉप अजून बराच पुढे होता. तो त्याबद्दल काही बोलला नाही. चालायला लागला, माझ्या पावलांनी.’

अपघात हा शब्द इथे नाही. ती गाडीत उजव्या बाजूला बसली होती, कदाचित चालवत होती, हे पायावरून कळतं. मधली काही मिनिटं गायब आहेत, आणि निवेदनातही ती गायबच ठेवली आहेत. प्रेम कुठे आहे? तो विचारतो, उतरतो, आणि त्यावर भाष्य करत नाही. यापुढच्या वेळी मोजणी चारवर थांबली, किंवा ‘उतरूया’ हे ती स्वतः म्हणाली, की सावरणं दिसलं.

संपूर्ण घटना पुस्तकात एकदाच सांगा, आणि ती कुणाला सांगितली जाते ते नीट ठरवा. दर तीस पानांनी तुकडा फेकून वाचकाला ओढत नेणं म्हणजे तिच्या दुःखाचं कोडं करणं.

१४. समुपदेशनाचे प्रसंग खोटे वाटतात. काय चुकतं?

पहिल्याच भेटीत नायिका सगळं सांगते आणि रडून मोकळी होते, हे चुकतं. आघातकेंद्रित संज्ञानात्मक वर्तनोपचार, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा उपचार, जो लहान मुलं आणि किशोरांसाठीच घडवला आहे, साधारण १२ ते १६ सत्रांचा असतो. आठवड्याला एक धरलं तर तीन-चार महिने. सुरुवातीच्या सत्रांत घटनेवर सविस्तर बोलणं होत नाही. आधी ताण उतरवायच्या पद्धती आणि भावनांना नावं देणं शिकवतात. घटनेची हकीकत मधल्या टप्प्यात हळूहळू मांडली जाते. पालक किंवा सांभाळणारी व्यक्तीही यात सहभागी असते, हे कादंबऱ्या हमखास विसरतात. नाट्य तर तिथेच आहे: तिनं लिहिलेलं आईला वाचून दाखवायचा दिवस.

औषधाचंही तेच. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा पुरता परिणाम दिसायला काही आठवडे जातात, म्हणून ‘गोळी घेतली आणि सकाळी आकाश निळं दिसलं’ हे काढून टाका. सुरुवातीच्या दिवसांत तरुण रुग्णांवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. आत्महत्येच्या विचारांबद्दलचा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००४ मध्ये याच वयोगटासाठी लागू केला. पात्रानं कुणालाही न विचारता गोळ्या बंद केल्या आणि त्यालाच ‘बरं होणं’ म्हटलं, असं तर अजिबात लिहू नका.

१५. किती दिवसांत बरं झालेलं दाखवू?

लिहिण्याआधी एक कॅलेंडर काढा. त्यावर मूळ घटनेची तारीख, कथेचा पहिला दिवस, उपचाराची सत्रं आणि वर्षश्राद्धासारखे जड दिवस मांडा. घटनेला तीन आठवडे झाले असतील तर प्रेमकथा सुरू करायला फार लवकर आहे. आठ-दहा महिन्यांचा अवधी मोकळा श्वास देतो. आणि चढत्या रेषेत लिहू नका. सगळं सुरळीत चाललेलं असताना एक घसरण येते, बहुधा वर्षपूर्तीच्या सुमारास. ती प्रियकराशी झालेल्या भांडणामुळेच यावी असं नाही. ऋतू बदलला, हवेत तोच वास आला, एवढंही पुरतं.

१६. अत्याचारातून गेलेल्या पात्राची जवळीक कशी लिहायची?

हळू, आणि विचारून. ‘हात धरू?’ ‘नको. पण जाऊ नकोस.’ एवढ्या संवादात चुंबनापेक्षा जास्त जवळीक असू शकते. होकार एकदा मिळाला म्हणजे कायमचा मिळाला, असं नाही. काल चाललेला स्पर्श आज चालत नाही, आणि कारण तिलाही ठाऊक नसतं. पात्र अल्पवयीन असेल तर लैंगिक वर्णन करायचंच नाही.

अत्याचाराच्या क्षणी ती ओरडली नाही, पळाली नाही, याचा खुलासा पुस्तकानं द्यायलाच हवा. शरीर गोठून जाणं ही भीतीची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे, संमती नव्हे. हे वाक्य वाचण्यासाठी एखादी मुलगी तीनशे पानं थांबलेली असते. ते पात्राच्या तोंडी, साध्या शब्दांत, स्पष्ट येऊ द्या.

१७. दोघंही दुखावलेले असतील तर?

वाचकांना ही जोडी फार आवडते आणि लिहायला ती सगळ्यांत अवघड. दोघांना एकाच वेळी कोसळवू नका. एकाला धाप लागलेली असताना दुसऱ्याला श्वास घेता आला पाहिजे. दोघांच्या आघातांची तुलनाही नको. आणि दोघांना एकमेकांबाहेरचा एकेक आधार द्या, नाहीतर प्रश्न ३ मधली अडचण इथे दुप्पट होते. एक प्रसंग आवर्जून लिहा: एक जण म्हणतो, ‘आज मला ऐकवणार नाही’, आणि नातं तरीही टिकतं.

१८. अपराधी घरातलाच असेल तर शेवटी क्षमा दाखवावी का?

क्षमा ही सावरण्याची अट नाही. करणारीला करू द्या, न करणारीलाही तितकंच बरं होऊ द्या. समेटाची घाई बहुधा बाकीच्या कुटुंबाला असते, आणि ती घाईच कथेत दाखवण्यासारखी आहे: ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणणारी मावशी, मान खाली घातलेली आई. ज्याच्यावर अत्याचार झाला त्याचं त्या माणसावर अजूनही प्रेम असू शकतं, हेही टाळू नका. राग आणि माया एकत्र असणं हा गोंधळ पात्राचा दोष नाही.

१९. मला असा अनुभव नाही. मी लिहावं का?

लिहा, पण दोन वाचक आधी शोधा: एक त्या अनुभवातून गेलेला प्रौढ, दुसरा किशोरांसोबत काम करणारा समुपदेशक. पहिल्याला मोबदला द्या आणि कोणती प्रकरणं जड आहेत ते आधी सांगा. ‘बरोबर आहे का?’ असं मोघम विचारू नका. ‘प्रकरण ७ मध्ये ती इतक्या लवकर त्याच्या घरी एकटी जाईल का?’ असं विचारा. चालू जखमेत असलेल्या मुलामुलींकडून तपशील गोळा करायला जाऊ नका.

२०. अनुभव माझाच आहे. मग तर अडचण नाही ना?

एक आहे. स्वतःला जे उघड वाटतं ते पानावर राहून जातं. दार कुठल्या बाजूला उघडतं हे तुम्हाला डोळे मिटून माहीत असतं, वाचकाला नसतं. लिहिताना झोप उडत असेल तर काही महिने थांबा. हस्तलिखित कुठे पळून जात नाही. पात्राचं नाव, घर, घटनेचा क्रम बदला, म्हणजे संपादकानं ‘इथे ती अशी वागणार नाही’ म्हटल्यावर तो घाव तुमच्यावर पडणार नाही. आणि छापल्यानंतर ‘हे खरंच घडलं का?’ हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर द्यायचं की नाही हे आधीच ठरवून ठेवा. ‘ही कादंबरी आहे’ एवढं म्हणून थांबायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.